कुंपण, मुंगी आणि एक निळे फुलपाखरू

शिक्षकांच्या मेळाव्यात फुलपाखरांविषयी बोलण्याचा प्रसंग आमच्यावर अनेकदा येतो. बोलणे संपले की एक प्रश्न हमखास येतो : "फुलपाखरे कमी होत चालली आहेत, त्यांना वाचवण्यासाठी आम्ही शाळेत काय करावे?" आम्ही तोच प्रश्न सभेकडे परत टोलवतो. उत्तरे भराभर येतात. मुलांना फुलपाखरे पकडू देऊ नयेत. फुलझाडे लावावीत. एखादा तुकडा राखून त्याला कुंपण घालावे, म्हणजे गुरे आत शिरणार नाहीत. या सर्व सूचनांमागचा हेतू उत्तम असतो. तरीही कुंपणाचे नाव निघाले की आम्हाला इंग्लंडमधल्या एका निळ्या फुलपाखराची गोष्ट आठवते. त्याच्यावर जीव लावणाऱ्या माणसांची तिथे कमतरता नव्हती. त्यांनी पदरमोड केली, पहारे दिले, कुंपणे घातली. आणि त्या कुंपणांच्या आतच ते फुलपाखरू नाहीसे झाले. पुढे ते परत कसे आले, हा या गोष्टीचा उत्तरार्ध. वर्गात सांगण्याजोगी म्हणून ती येथे सविस्तर देत आहोत.

थाईमच्या फुलापासून वारुळापर्यंत

या फुलपाखराचे इंग्रजी नाव 'लार्ज ब्लू', म्हणजे थोरले निळे. शास्त्रीय नाव फेंगारिस आरियोन. जुन्या पुस्तकांत ते मॅक्युलिनिया आरियोन असे आढळेल. 'थोरले' हे विशेषण त्याच्या कुळातील इतर निळ्या फुलपाखरांच्या तुलनेत. एरवी पंख पसरले तरी ते पाच सेंटिमीटरच्या आसपासच भरते. पंख निळे आणि पुढच्या पंखांवर काळे ठिपके. ब्रिटनमध्ये त्याची पहिली नोंद १७९५ सालची आहे. दक्षिण इंग्लंडमधील डेव्हन, कॉर्नवॉल, सॉमरसेट, ग्लॉस्टरशायर अशा परगण्यांतील उन्हाळ उतारांवर, आखूड गवतात, त्याच्या लहान लहान वसाहती होत्या. ते दुर्मीळ होते आणि देखणेही होते, त्यामुळे संग्राहकांना त्याचे वेड होते.

ब्रिटनमधील फुलपाखरांचा अभ्यास फार मोठ्या प्रमाणात हौशी माणसांनी केला आहे. धर्मोपदेशक, डॉक्टर, निवृत्त लष्करी अधिकारी, शाळामास्तर, गृहिणी असे लोक सुट्टीच्या दिवशी जाळे घेऊन बाहेर पडत. अळ्या घरी आणून वाढवणे हा त्यांचा आवडता उद्योग. बहुतेक फुलपाखरांच्या अळ्यांना योग्य पाला दिला की त्या वाढतात, कोषात जातात आणि फुलपाखरू बाहेर पडते. लार्ज ब्लू मात्र कोणाला दाद देईना.

त्याची मादी जून-जुलैत थाईम या रानवनस्पतीच्या कळ्यांवर अंडी घालते. थाईम ही आपल्या तुळशीच्या कुळातील जमिनीलगत पसरणारी वनस्पती असून तिला ओव्यासारखा वास येतो. अंड्यातून निघालेली अळी दोन-तीन आठवडे फुले खाते, तीनदा कात टाकते आणि मग एके दिवशी झाडावरून खाली उतरते. त्यानंतर तिला थाईमचे कितीही ताजे तुरे द्या, ती तोंड लावत नाही आणि उपाशी मरते. त्या वेळी तिचे वजन तिच्या पूर्ण वाढीच्या अवघे एक-दोन टक्के असते. मग उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के वजन ती कशावर वाढवते? हे कोडे कित्येक वर्षे सुटले नव्हते.

अखेर ते १९१५ च्या सुमारास तीन माणसांनी मिळून सोडवले. टी. ए. चॅपमन हे पेशाने डॉक्टर, एफ. डब्ल्यू. फ्रोहॉक हे चित्रकार आणि ई. बी. प्युरफॉय हे लष्करातील कॅप्टन. तिघांपैकी कोणीही पगारी कीटकशास्त्रज्ञ नव्हता. थाईमच्या झुडपाखालची माती उकरताना चॅपमन यांना मुंग्यांच्या वारुळात लार्ज ब्लूची अळी सापडली. तिच्या पोटातील अन्न त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यात मुंग्यांच्या पिलांचे, म्हणजे त्यांच्या अळ्यांचे, अवशेष होते! प्युरफॉय यांनी आपल्या बागेत मुंग्या पाळल्या, त्यांना घर म्हणून अक्रोडाची अर्धी कवचे दिली आणि अळीचा पुढचा सर्व प्रवास डोळ्यांनी पाहिला.

तो प्रवास असा. खाली उतरलेली अळी फारशी हालचाल करत नाही, वाट पाहते. अन्नाच्या शोधात निघालेली मिर्मिका वंशातील एखादी लाल मुंगी तिला गाठते. अळीच्या पाठीवर एक ग्रंथी असते. तिच्यातून गोड द्रवाचा थेंब बाहेर येतो आणि मुंगी तो चाखत राहते. काही वेळाने अळी अंग फुगवून अशी वाकते, की मुंगीला ते आपलेच हरवलेले पिलू वाटते. मुंगी तिला जबड्यात धरून वारुळात नेते आणि आपल्या पिलांमध्ये ठेवते. तेथे ही अळी सुमारे दहा महिने राहते आणि मुंग्यांची पिले खात वाढते. कोषही वारुळातच करते. पुढच्या उन्हाळ्यात फुलपाखरू कोषातून निघून चालत जमिनीवर येते, पंख वाळवते आणि उडून जाते. त्यानंतरचे त्याचे आयुष्य जेमतेम काही दिवसांचे.

ही हकिकत प्रसिद्ध झाली तेव्हा सर्वांना वाटले की कोडे सुटले. फुलपाखराला दोनच गोष्टी लागतात, थाईम आणि लाल मुंग्या. दोन्ही इंग्लंडमध्ये मुबलक होत्या. मग फुलपाखरू कमी का होत होते?

पहारे आणि कुंपणे

ते कमी होत होते यात शंका नव्हती. नॉर्दॅम्प्टनशायरमधून ते १८६० च्या सुमारासच गेले होते. विसाव्या शतकात एकेक वसाहत मिटत चालली. संशयाचे बोट सर्वप्रथम संग्राहकांकडे वळले, आणि ते स्वाभाविक होते. दुर्मीळ फुलपाखराला बाजारात किंमत येते, आणि एका दिवसात डझनांनी फुलपाखरे टिपणारे महाभाग त्या काळी होतेच. तेव्हा निसर्गप्रेमींनी उपाय योजला तो असा : वसाहतींचे पत्ते गुप्त ठेवायचे, उडण्याच्या दिवसांत पहारा ठेवायचा, आणि शक्य असेल तेथे जागा राखीव करून तिला कुंपण घालायचे. १९६२ साली या एका फुलपाखरासाठी अनेक संस्थांची मिळून एक संयुक्त समिती स्थापन झाली. स्वयंसेवक उन्हाळ्याची सुट्टी उतारांवर राखण करण्यात घालवू लागले.

कुंपणाने संग्राहक बाहेर राहिले. पण त्यांच्याबरोबर मेंढ्या, गुरे आणि घोडेही बाहेर राहिले. पूर्वी शेतकरी असे उतार अधूनमधून पेटवून देत असत. राखीव क्षेत्रात तेही बंद झाले. आतील गवत वाढले, त्यात झुडपे उगवली. पाहणाऱ्याला वाटावे, की निसर्ग किती बहरला! थाईम अजून होते, मुंग्याही होत्या. फुलपाखरू मात्र काही वर्षांत नाहीसे होई. राखीव केलेल्या जागांतूनही ते जात आहे असे दिसले, की पहारा आणखी कडक होई.

त्यातच १९५३ साली ब्रिटनमध्ये सशांचा एक रोग आला. मिक्सोमॅटोसिस हे त्याचे नाव. रानटी सशांपैकी शेकडा पंचाण्णवहून अधिक ससे काही वर्षांत मेले. शेतकऱ्यांच्या दृष्टीने ससा हा उपद्रवी प्राणी, त्यामुळे अनेकांना बरेच वाटले. परंतु ज्या उतारांवर गुरे नव्हती तेथले गवत ससेच आखूड ठेवत होते. त्याच काळात ओबडधोबड चढांवर गुरे चारणे शेतकऱ्यांना परवडेनासे झाले. काही उतार नांगरले गेले, उरलेले ओस पडले. एकेकाळी ज्याच्या सुमारे नव्वद वसाहती नोंदल्या गेल्या होत्या, त्या फुलपाखराच्या १९७० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत एक-दोनच वसाहती उरल्या.

कारणांच्या यादीत आता हवामान, कीटकनाशके, हवेतील प्रदूषण, जवळच्या नात्यातील संकर अशी भर पडत गेली. प्रत्येकाजवळ एक मत होते. मोजमाप मात्र कोणाजवळच नव्हते.

गवताची उंची

१९७२ साली जेरेमी थॉमस या तरुण शास्त्रज्ञाने हे काम हाती घेतले. डार्टमूरच्या कडेला उरलेल्या अखेरच्या वसाहतीपाशी त्यांनी सहा उन्हाळे काढले. त्यांचे काम वर्णन करायला अगदी कंटाळवाणे वाटेल. कोणत्या तुऱ्यावर किती अंडी आहेत ते मोजायचे. त्यातील किती अळ्या खाली उतरल्या ते मोजायचे. कोणत्या मुंगीने कोणती अळी नेली ते पाहायचे, वारुळाशेजारच्या गवताची उंची आणि मातीचे तापमान नोंदायचे, आणि पुढच्या वर्षी त्या वारुळातून फुलपाखरू निघाले की नाही ते तपासायचे. जन्मापासून मरणापर्यंतचा असा हिशेब मांडला की आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर फुलपाखरू मार खाते आहे ते कळते.

हिशेबातून निघालेले उत्तर सर्वांना अनपेक्षित होते. अंडी पुरेशी होती आणि थाईमवरच्या अळ्याही ठीक होत्या. घात होत होता तो वारुळात. मिर्मिका वंशातील जवळजवळ कोणतीही मुंगी अळीला उचलून घरी नेते. पण अळीचा निभाव खऱ्या अर्थाने लागतो तो एकाच जातीच्या वारुळात, मिर्मिका सॅब्युलेटी हिच्या. इतर जातींच्या वारुळांत जगण्याची शक्यता सुमारे पाच पटींनी कमी होते. १९१५ पासून 'लाल मुंग्या' या एकाच शब्दात चार-पाच जाती गुंडाळल्या गेल्या होत्या. डोळ्यांना त्या सारख्याच दिसतात. फुलपाखराच्या दृष्टीने त्यांतील एक जात म्हणजे पाळणाघर होते आणि बाकीच्या बहुधा स्मशान.

आता दुसरा प्रश्न. ही विशिष्ट मुंगी कमी का झाली? मिर्मिका सॅब्युलेटी ही उबेची भुकेली आहे. ब्रिटन तिच्या प्रदेशाच्या थंड बाजूला येतो. तेथे तिला वारुळासाठी दक्षिणेकडे तोंड असलेला उतार लागतो, कारण उत्तर गोलार्धात अशा उतारावर ऊन जास्त पडते. शिवाय त्यावरील गवत इतके खुजे हवे, की ऊन थेट मातीपर्यंत पोचेल. गवत तीनएक सेंटिमीटरच्या वर गेले की सावलीमुळे माती दोन-तीन अंशांनी थंड होते. आपल्याला तो फरक जाणवणारही नाही, पण मुंगीला जाणवतो. मिर्मिका सॅब्युलेटी मागे हटते आणि तिची जागा मिर्मिका स्कॅब्रिनोडिस ही थंडी सोसणारी बहीण घेते. उतार तोच, थाईम तेच, लाल मुंग्याही त्याच दिसतात; पण फुलपाखराचे पाळणाघर बंद झालेले असते.

यात आणखी एक हिशेब आहे. एक अळी पूर्ण वाढायला साडेतीनशेच्या आसपास कामकरी मुंग्यांचे वारूळ लागते. एकाच वारुळात अनेक अळ्या शिरल्या तर पिले संपतात आणि सगळ्याच उपाशी मरतात. म्हणजे योग्य जातीची मुंगी थोडीफार असून भागत नाही. थाईमच्या झुडपांच्या आसपास तिची वारुळे दाट हवीत.

तेव्हा संग्राहकांना अडवणारे कुंपण मेंढीलाही अडवत होते, मेंढी अडल्यामुळे गवत वाढत होते, गवतामुळे माती थंड होत होती, मातीमुळे मुंगी बदलत होती आणि मुंगीमुळे फुलपाखरू मरत होते. पाच कड्यांची ही साखळी. हिच्यातील एकही कडी कुंपण घालणाऱ्याच्या नजरेस पडण्याजोगी नव्हती.

उत्तर सापडले, पण उशिरा. शेवटच्या वसाहतीत गुरे परत सोडली गेली, गवत आखूड झाले, मुंगीही वाढू लागली. इतक्यात १९७५ आणि १९७६ चे कडक, कोरडे उन्हाळे आले. आधीच मूठभर उरलेली फुलपाखरे त्यात आणखी घटली. १९७९ साली लार्ज ब्लू ब्रिटनमधून नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

परतीची वाट

येथे गोष्ट संपली असती तर ती केवळ हळहळ वाटण्याजोगी ठरली असती. पण थॉमस यांचे म्हणणे बरोबर असेल, तर त्यातून एक भाकीत निघत होते : उतार नीट राखला, गवत आखूड ठेवले आणि मिर्मिका सॅब्युलेटी दाट झाली, तर बाहेरून आणलेले लार्ज ब्लू तेथे टिकेल. विज्ञानात स्पष्टीकरणाची खरी कसोटी अशा भाकितातच असते. मेलेल्या वसाहतींविषयी कोणीही काहीही सांगू शकतो. जिवंत वसाहत उभी करून दाखवणे वेगळे.

१९८३ साली स्वीडनमधील ओलँड बेटावरून फुलपाखराचे बीज आणून डेव्हनमधील जुन्या जागेवर पहिला प्रयोग झाला. १९९२ मध्ये सॉमरसेटच्या पोल्डन टेकड्यांवर ग्रीन डाऊन येथे, आणि २००० मध्ये जवळच्या कोलार्ड हिल येथे. फुलपाखरू टिकले आणि आपण होऊन शेजारच्या उतारांवर पसरू लागले. २००९ साली 'सायन्स' या नियतकालिकात थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सर्व प्रयोगाचा लेखाजोखा मांडला. वसाहतींची वाढ आणि घट त्यांनी आधी बांधलेल्या गणिताशी जुळत होती. २०१९ मध्ये ग्लॉस्टरशायरमधील रॉडबरो कॉमन या गुरे चरणाऱ्या सामाईक कुरणावर सुमारे अकराशे अळ्या सोडल्या गेल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात तेथे सातशे पन्नासच्या आसपास फुलपाखरे उडाली. २०२२ च्या उन्हाळ्यात संपूर्ण ब्रिटनमध्ये वीस हजारांच्या आसपास लार्ज ब्लू असल्याचा अंदाज होता.

या यशात स्वयंसेवकांचा वाटा कोठे आहे, हे शिक्षकांनी मुद्दाम पाहावे. हिवाळ्यात झुडपे तोडणे, थाईमची रोपे लावणे, गुरांच्या मालकांशी बोलून कोणत्या महिन्यात किती जनावरे सोडायची ते ठरवणे, केकचे चिमूटभर कण ठेवून त्यावर कोणत्या जातीच्या मुंग्या येतात ते पाहणे, तुऱ्यांवरील अंडी मोजणे, ही कामे वर्षानुवर्षे हातांनी करावी लागतात. त्यासाठी पगारी माणसे कधीच पुरत नाहीत. आणखी एक फरक पडला. पूर्वी जागा गुप्त ठेवत, तर कोलार्ड हिल आज लोकांसाठी खुली आहे. जूनमध्ये तेथे जाणाऱ्याला फुलपाखरू कोठे दिसेल ते सांगणारी माणसे भेटतात. स्वयंसेवक पूर्वीही होते आणि तितकेच निष्ठावान होते. बदलले ते एवढेच, की काय राखायचे ते आता त्यांना ठाऊक होते.

मोजणारी माणसे

थॉमस यांना सहा वर्षे एकाच उतारावर राहता आले. प्रत्येक फुलपाखरामागे असा एक शास्त्रज्ञ देणे कोणत्याही देशाला शक्य नाही. मग निदान धोक्याची घंटा वेळेवर कशी वाजावी? हे काम ब्रिटनमध्ये हौशी माणसांनी उचलले. १९६८ साली तेथे फुलपाखरांच्या रक्षणासाठी एक संस्था निघाली. आज ती 'बटरफ्लाय कॉन्झर्वेशन' या नावाने ओळखली जाते आणि तिच्या तीसहून अधिक स्थानिक शाखा आहेत. १९७६ पासून फुलपाखरांची नियमित मोजणी सुरू झाली. तिची पद्धत अर्नी पोलार्ड यांनी मंक्स वुड येथे १९७३ पासून घासूनपुसून तयार केली होती. ती इतकी साधी आहे, की आठवीच्या वर्गालाही जमेल.

एक ठरावीक पायवाट निवडायची. एप्रिल ते सप्टेंबर असे सव्वीस आठवडे, आठवड्यातून एकदा, ती सारख्याच गतीने चालायची. दोन्ही बाजू धरून पाच मीटर रुंदीच्या पट्ट्यात दिसतील तेवढीच फुलपाखरे मोजायची; पलीकडची कितीही सुंदर असली तरी सोडायची. वेळ पावणेअकरा ते पावणेचार. तापमान तेरा अंशांपेक्षा कमी असेल तर मोजणी नाही. तेरा ते सतरा अंश असेल तर ऊन हवे. हे नियम का? कारण ढगाळ दिवशी कमी फुलपाखरे दिसली म्हणजे फुलपाखरे कमी झाली असे नव्हे. या मोजणीतून एकूण संख्या कळत नाही, पण यंदाची तुलना गेल्या वर्षाशी प्रामाणिकपणे करता येते. एका वर्षाच्या आकड्याला अर्थ नाही. दहा वर्षांच्या आकड्यांना आहे.

पतंगांची मोजणी त्याहून जुनी. दिव्यावर येणारे पतंग पकडण्याचा सापळा सी. बी. विल्यम्स यांनी रोथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात १९३३ साली लावला. पुढे एल. आर. टेलर यांनी १९६० च्या दशकात दोनशे वॅटच्या दिव्याच्या एकसारख्या सापळ्यांचे जाळे देशभर विणले. यांतील अनेक सापळे स्वयंसेवक सांभाळतात. रोज सकाळी सापळा उघडायचा, जातवार मोजायचे, लिहून ठेवायचे. १९६८ ते २०१७ या पन्नास वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा ब्रिटनमधील मोठ्या पतंगांची एकंदर संख्या तेहतीस टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. पतंग रात्री उडतात, त्यांच्यावर कोणी कविता करत नाही. ते एक तृतीयांशाने कमी झाले तरी कोणाच्या लक्षात आले नसते. पण पक्षी आणि वटवाघळे त्यांच्यावर जगतात आणि अनेक फुलांचे परागण ते करतात. रोज सकाळी वही उघडणाऱ्या माणसांमुळेच ही घट उघडकीस आली.

मोजणीमुळे सर्व फुलपाखरे वाचली असे मात्र नाही. २०२२ साली ब्रिटनच्या फुलपाखरांची नवी धोक्याची यादी झाली. तीत उरलेल्या अठ्ठावन्न जातींपैकी चोवीस धोक्यात असल्याचे नोंदले आहे. लार्ज ब्लूची स्थिती सुधारलेली आहे, इतर काहींची बिघडलेली. कोणाकडे आधी लक्ष द्यायचे, हे तरी त्यामुळे समजते.

आपल्या अंगणात

आपल्याकडे हौशी निरीक्षणाची परंपरा नाही, असे कोणी म्हणू नये. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली मुंबईत आठ नागरिकांनी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे होते. १८९६-९७ मध्ये याच संस्थेच्या नियतकालिकात उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरांवर एक लेखमाला आली. हा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तिचे लेखक डेव्हिडसन, बेल आणि एटकेन हे सरकारी नोकर होते. फुलपाखरे हा त्यांचा फावल्या वेळचा छंद. केवळ पंखांचे रंग न टिपता कोणती अळी कोणत्या झाडावर वाढते ते त्यांनी पाहिले. मुंग्या आणि फुलपाखरे यांचे नातेही आपल्याकडे आहेच. झाडावर पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्यांना कोकणात काही ठिकाणी हुमले म्हणतात. त्यांच्या घरट्यात लायफायरा ब्रॅसोलिस या फुलपाखराची अळी राहते आणि त्यांचीच पिले फस्त करते.

२०१५ साली महाराष्ट्राने 'ब्लू मॉरमॉन' हे राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केले. असा निर्णय घेणारे ते देशातील पहिले राज्य. या फुलपाखराच्या अळ्या लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढतात. माकडलिंबू हे त्यांतील एक. राज्य फुलपाखराचे चित्र आता अनेक शाळांच्या भिंतींवर आहे. माकडलिंबूचे झाड किती मुलांनी पाहिले आहे, हे आपण आपल्या वर्गात विचारून पाहावे.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. शाळेत काय करावे? आमच्या पाहण्यात 'फुलपाखरू उद्यान' करण्याच्या उत्साहात आधी आवार साफ केले जाते. टाकळा उपटतात, रुई तोडतात आणि त्या जागी शोभेची फुलझाडे लावतात. फुलांवर मध प्यायला फुलपाखरे येतात, पाहुणे खूश होतात. पण टाकळ्यावर छोट्या पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढत होत्या आणि रुईवर 'प्लेन टायगर'च्या. फुलपाखरांसाठी आपण खाणावळ उघडली आणि बाळंतघर पाडले. हे कुंपणाच्याच जातीचे काम झाले. हेतू चांगला, पण अळी काय खाते हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

या गोष्टीचे तात्पर्य 'कुंपण वाईट आणि चराई चांगली' असे मात्र कोणी काढू नये. अतिचराईने उजाड झालेले माळ आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि तेथे काही काळ गुरे थांबवणे हाच उपाय असू शकतो. युरोपातील उष्ण भागातही लार्ज ब्लूला ब्रिटनइतके आखूड गवत लागत नाही, कारण तेथे उंच गवताखालची मातीही पुरेशी उबदार असते. एकाच फुलपाखराला दोन देशांत दोन प्रकारची राखण लागते. म्हणून दुसरीकडचा उपाय उचलून आणण्याआधी आपल्या जागेवरचे उत्तर आपणच शोधायला हवे.

त्यासाठी आमची सूचना छोटी आहे. उद्यान पुढे करा, आधी एक वही करा. शाळेच्या आवारातील किंवा गावाबाहेरच्या माळावरील दोनशे पावलांची एक वाट ठरवा. दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, दोन मुलांनी ती चालावी आणि दिसलेली फुलपाखरे लिहावीत. नावे माहीत नसतील तर वर्णन लिहावे. त्याशिवाय प्रत्येक तुकडीने एक फुलपाखरू निवडावे आणि ते अंडी कोठे घालते तेवढे शोधावे. कढीपत्त्यावर 'कॉमन मॉरमॉन'ची अंडी पहिल्या पावसानंतर बहुतेक ठिकाणी सापडतील. मुले वरच्या वर्गात गेली की वही खालच्या वर्गाकडे द्यावी. चार-पाच वर्षांनी त्या वहीत असे काही असेल, की जे कोणत्याही पुस्तकात किंवा प्रयोगशाळेत मिळणार नाही.

इंग्लंडमधील त्या उतारांवर पहारा देणाऱ्यांपैकी कोणी जर १९३० सालापासून दरवर्षी गवताची उंची पट्टीने मोजून वहीत लिहिली असती, तर कदाचित १९७९ साल उजाडलेच नसते. पट्टी प्रत्येक दप्तरात असते.